मुलाची दहावी आणि मेळघाटातली होळी एकाच आठवड्यात, काय करावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिणं होत नाही, पण आता डोक्यात इतकं साचलंय की कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. मी पुण्यात मानववंशशास्त्र शिकवते, असोसिएट प्रोफेसर आहे, नोकरीला सतरा वर्षं झाली. आमचा विषय सांगितला की लोक हाडं आणि कवट्यांबद्दल विचारतात, तर हो, हाडंही असतात, कवटी मोजायलाही शिकवतो, पण माझं स्वतःचं काम माणसं नाती कशी धरून ठेवतात याचं आहे. माझं फिल्ड, म्हणजे जिथे जाऊन, राहून अभ्यास करते ती जागा, मेळघाटात, धारणी तालुक्यातलं कोरकू आदिवासींचं एक गाव. नाव लिहीत नाही, गावाला विचारल्याशिवाय ते कुठे लिहायचं नाही असं मी त्यांना कबूल केलंय.

तर अडचण अशी. कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे होळी. दिवाळी झाली की गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात, कोणी हरभरा सोंगायला जातं, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, आणि मग होळीला मात्र माणूस कुठेही असो, गावी येतोच. म्हणजे अख्खं गाव एका जागी बघायचं असेल तर ती एकच रात्र. त्या रात्री मी बारा वर्षांपासून त्या जाळाजवळ उभी असते, २०२१ साल तेवढं कोविडमुळे चुकलं. कोण आलं, कोण आलं नाही, कोणाच्या कडेवर नवीन बाळ आहे, कोणती म्हातारी यंदा दिसत नाही, हे सगळं माझ्या वह्यांत आहे. तिसऱ्या दिवसापासून लोक सोयऱ्यांच्या गावी जातात, बाजाराला जातात, मग ते चित्र विस्कटतं.

आणि यंदा मुलाची दहावी. विज्ञान दोनचा पेपर बुधवारी, होळी गुरुवारी, शनिवारी इतिहास, सोमवारी भूगोल. मी बुधवारी रात्री निघाले तर रविवारच्या आत परत येत नाही. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी अमरावती, तिथून परतवाडा, मग सेमाडोह, हरिसालवरून घाटाची एसटी, एक बाजूचाच अख्खा दिवस जातो.

माझा दिवस कसा असतो तेही सांगते म्हणजे कळेल. सव्वापाचला उठते, दोन डबे, सासूबाईंना पार्किन्सन्स आहे त्यांची सकाळची गोळी वेळेवरच द्यावी लागते, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर हात इतका थरथरतो की कपही धरता येत नाही. नवरा चाकणला कंपनीत, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. साडेनऊला माझं प्रॅक्टिकल, मुलं कॅलिपर घेऊन एकमेकांची डोकी मोजत असतात, मग लेक्चर, मग पीएचडीची मुलं, मग नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली. नियमात असोसिएट प्रोफेसरला आठवड्याला चौदा तास शिकवणं आहे, पण फायली, मीटिंगा, परीक्षेची कामं या चौदात कुठे बसतात ते मला अजून कळलेलं नाही. सहाला घरी, मुलाचा अभ्यास, स्वयंपाक, सासूबाईंचं सगळं, आणि दहानंतर माझं लिखाण. फिल्डवरून कुणाचा फोन आलेला असेल तर तो त्याच रात्री लिहून काढते. दुसऱ्या दिवशी शब्द तेच राहत नाहीत, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा.

मुलाला विचारलं तर तो म्हणतो जा. पण तो असं म्हणणारच, लहानपणापासून त्याने तेच म्हटलंय. म्हणून तुम्हाला विचारतेय.

सदाशिव_काका:
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दहावी एकदाच येते. होळी दरवर्षी येते. पेपरच्या आदल्या दिवशी मुलाला काही हवं असेल, भूक लागली असेल, झोप येत नसेल, तर आई घरात असलीच पाहिजे. आमच्या दोघा मुलांच्या वेळी सौ. ने महिनाभर बिनपगारी रजा घेतली होती, त्याचं आजही आम्हाला समाधान आहे.

मीरा_७७:
काका, तुमच्या सौ. ने घेतली, तुम्ही का नाही घेतलीत? मनापासून विचारतेय. या बाईंच्या घरात मुलाचे बाबा पण आहेत ना. माझे मिस्टर भूगर्भशास्त्रात होते, वर्षातले सहा महिने कॅम्पवर, मुलीची दहावी चालू असताना ते राजस्थानात होते आणि त्यांना एकाही नातेवाइकाने विचारलं नाही की मुलीला सोडून कसे गेलात. उलट सगळे म्हणायचे बिचाऱ्यांना किती फिरावं लागतं.

सदाशिव_काका:
मीराताई, मुद्दा बरोबर आहे. आमच्या वेळी तो प्रश्न कुणाच्या मनातच आला नाही, माझ्याही नाही. तरी रानजाईंना माझा सल्ला तोच राहील.

निवृत्त_मास्तर:
मी याच विषयाचा, आता निवृत्त आहे, आणि पुरुष आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. ऐंशीच्या दशकात मी गडचिरोलीत माडिया आदिवासींमधे काम करायचो, भामरागडच्या पलीकडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटायचं, मग पलीकडची गावं तर विचारूच नका. फोन नाही, पत्र पोचायला किती दिवस लागतील याचा नेम नाही. एका जुलैमधे माझ्या मुलीला टायफॉइड झाला, ती अकरा वर्षांची. हिने तार केली, ती तार तालुक्याच्या पोस्टात पडून राहिली, मी पुलाच्या अलीकडे आलो तेव्हा मुलगी बरी होऊन शाळेत जायला लागली होती. घरी पोचलो तर ती दारात आली आणि म्हणाली बाबा, मी बरी झाले. बस इतकंच. माझ्या त्या पावसाळ्याच्या नोंदी फार चांगल्या आहेत, त्यावरच पुढे माझं नाव झालं, आणि त्या वहीला हात लावला की मला आजही तो दरवाजा दिसतो.

मला कुणी जाब विचारला नाही, पुरुष होतो ना. पण कुणी विचारलं नाही म्हणून ते मनातून गेलं असं नाही. तुम्ही गेलात तरी बरोबर, नाही गेलात तरी बरोबर, फक्त जे कराल ते कुणाच्या भीतीने करू नका.

रानजाई:
मास्तर, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि मग उठून मुलाच्या खोलीत जाऊन आले. धन्यवाद.

पुस्तकवेडी:
या धाग्यावर मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांची आठवण येणारच. त्यांच्या परिपूर्ती या लेखातला तो प्रसंग आठवतो का सगळ्यांना? समारंभात त्यांची ओळख करून देताना कर्व्यांची सून, दिनकररावांची पत्नी असं सगळं सांगितलं जातं आणि त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं, मग रस्त्यात मुलांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणतं की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ती ओळख पुरी होते. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट घेतलेली बाई हे लिहिते! म्हणजे आई असणं हेच शेवटी मोठं, असं मला तरी वाटतं.

मीरा_७७:
मला तो लेख नेहमी टोचतो. इतकी विद्वान बाई, आणि पूर्णत्व कशात, तर मुलाच्या ओळखीत.

रानजाई:
दोघींचंही समजतं. पण मला त्यात आईपण मोठं की विद्या मोठी हा निवाडा दिसत नाही. नात्यांचा अभ्यास आयुष्यभर करणारी बाई स्वतःकडेच बघते की आपल्याला लोक कोणकोणत्या धाग्यांनी बांधतात, मला तो लेख असा दिसतो. आणि मी वर्गात इरावतीबाईंचं सांगते ते वेगळंच. १९२८ साली त्या जर्मनीला गेल्या, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासरे महर्षी कर्वे, ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, त्यांचाच विरोध होता, आणि दिनकरराव पाठीशी उभे राहिले. तिथे ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजल्या, गोऱ्यांचा मेंदू श्रेष्ठ असं त्याला त्यातून सिद्ध करून हवं होतं, बाईंना मोजमापात ते दिसलं नाही आणि त्यांनी दिसलं नाही असंच लिहिलं. परक्या देशात, मार्क देणाऱ्याच्या तोंडावर. मी कॅलिपर हातात दिला की मुलांना आधी ही गोष्ट सांगते आणि मग मोजायला शिकवते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कोयनेची. धरणाने उठवलेल्या लोकांचा जो अभ्यास झाला तो त्यांनी जाई निंबकरांबरोबर केला, म्हणजे स्वतःच्या मुलीबरोबर. १९६९ साली छापला, पुढच्या वर्षी बाई गेल्या. घर आणि काम अशा दोन वेगळ्या खोल्या त्यांच्याकडे नसाव्यात असं मला ते वाचताना वाटतं.

मिशिगनकर:
मी इथे मिशिगनमधे हाच विषय शिकवते, टेन्युअर ट्रॅकवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम दाखवलं तरच नोकरी कायम होते. माझं फिल्ड माण-खटावमधे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. बाळंतपणाला फेडरल कायद्याने बारा आठवडे मिळतात तेही बिनपगारी, विद्यापीठाने टेन्युअरचं घड्याळ एक वर्ष पुढे ढकलून दिलं, पण ते वर्ष बाळामागे धावण्यातच गेलं, कागदावर मात्र लोकांना दिसतं की हिला एक वर्ष जास्त मिळालं होतं. मागच्या हिवाळ्यात तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आले, तिचं तिकीट माझ्या पगारातून, ग्रँटमधे मुलांना जागा नाही. आई साताऱ्याहून येऊन राहिली म्हणून झालं. एक मात्र घडलं, मुलगी तिथल्या पोरांबरोबर मातीत खेळायला लागली तसं माझ्याशी बोलणं बदललं. आधी बायका मला पिकाचे दर सांगायच्या, आता मला विचारायला लागल्या की तू एकीवरच का थांबलीस.

रानजाई:
मिशिगनकर, हे अगदी माझं आहे! पहिले दोन वर्षं मी एकटी जायचे, बाया माझ्याशी सरकारी बाई आल्यासारखं बोलायच्या, रेशन, अंगणवाडी, रस्ता. तिसऱ्या वर्षी मुलाला नेलं, पाच वर्षांचा होता. दुसऱ्या रात्री त्याला ताप भरला, हागवण लागली, मी घाबरले, रेंज नाही, गाडी नाही. ज्या घरात मी उतरायचे तिथल्या आजीने त्याला माझ्याकडून काढून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मला सांगितलं तू मीठ-साखरेचं पाणी कर. रात्रभर ती चमच्याने पाजत बसली. पहाटे त्याचा ताप उतरला आणि ती बोलायला लागली, स्वतःच्या गेलेल्या तीन लेकरांबद्दल. कुठल्या साली, पाऊस होता का थंडी, अंगावर कोणतं फडकं होतं. दोन वर्षं मी तिला विचारत होते की तुला मुलं किती, आणि ती जेवढी जिवंत तेवढाच आकडा सांगत होती.

मेळघाटातल्या बालमृत्यूंवर नव्वदच्या दशकापासून इतकं लिहून आलंय, आकडे येतात, समित्या येतात. माझ्या वहीतला तो आकडा चुकीचा होता आणि तो माझ्या पोराच्या आजारपणाने दुरुस्त केला. मला कॉन्फरन्समधे एकदा एका ज्येष्ठांनी सुचवलं होतं की फिल्डवर मूल नेणं प्रोफेशनल वाटत नाही. मी तेव्हा गप्प बसले. आज बसले नसते.

ती आजी मला दरवर्षी पहिला प्रश्न विचारते की पोरगा केवढा झाला. हाताने उंची दाखवायची. आता मी हात डोक्याच्या वर नेते तेव्हा तिचा विश्वास बसत नाही.

चिमणराव_नाहीतर_कोण:
बालसंगोपन रजा आहे ना १८० दिवसांची? ती घ्या की परीक्षेसाठी आणि मग एप्रिलमधे निवांत फिल्डवर जा.

रानजाई:
रजा आहे, परीक्षेसाठी मिळेलही. एप्रिलमधे गाव रिकामं असतं हाच तर प्रश्न आहे. होळीनंतर महिन्याभरात मोहाची फुलं वेचून झाली की पुन्हा कुलपं, ते थेट पेरणीच्या वेळी उघडतात. आणि एप्रिल-मेमधे आमच्या परीक्षा, पेपर तपासणी, व्हायवा. लोक म्हणतात प्राध्यापकांना दोन महिने सुट्टी, त्या सुट्टीत मी विद्यार्थ्यांना फिल्ड ट्रेनिंगला नेते, वीस जणं, कुणाला उन्हाळी लागते, कुणी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेलं असतं, रात्री रडणाऱ्या मुलीजवळ बसावं लागतं. तीही कामंच आहेत, मला आवडतात, पण सुट्टी म्हणून जगाला दाखवू नका एवढीच विनंती.

नागपूरची_संत्री:
मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोलाम आदिवासींमधे काम करायचंय यवतमाळकडे, आणि घरी लग्नाचं बघताहेत. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला वर्षभर खेड्यात राहावं लागेल हे सांगितलं की पुढचा फोन येत नाही. आई म्हणते आधी लग्न कर मग बघू. हा धागा वाचून धीर यावा का भीती वाटावी कळत नाहीये. ताई, तुम्ही लग्नाआधी सांगितलं होतं का?

रानजाई:
संत्री, सांगितलं होतं, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं काय सांगतेय. त्याने फक्त विचारलं होतं, जेवायची सोय असते का तिकडे. मला तेवढ्यावर तो आवडला. तुला एवढंच सांगेन की वर्षभराची गोष्ट लपवू नकोस, ज्याचा फोन येत नाही त्याचा न आलेलाच बरा. आणि तुझ्या गाइडशी आत्ताच बोलून ठेव की सलग वर्षाऐवजी हंगामाप्रमाणे तुकडे करून काम करता येईल का. मी तसंच केलं, त्याने काम उथळ होतं असं म्हणणारे भेटतील, पण बारा वर्षं परत परत गेलं की जे दिसतं ते एका वर्षात दिसत नाही.

फिल्डवालीचा_मुलगा:
खूप वर्षांनी लॉगिन केलं, हा धागा बहिणीने पाठवला. माझी आई समाजशास्त्रात होती, आम्ही लहान असताना ती सातपुड्यात जायची, अक्कलकुव्याकडे, नर्मदेच्या धरणात बुडणारी गावं. मी तुमच्या मुलाच्या जागेवरून लिहितो कारण इथे सगळे आयांच्या आणि बापांच्या जागेवरून लिहिताहेत.

मला आई नसायची याचं काही वाटायचं नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. वाटायचं. आजी होती, बाबा होते, जेवण वेळेवर होतं, पण संध्याकाळी साडेसहाला आई यायची ती वेळ आली की मी जिन्यात जाऊन बसायचो, आई गावात नाही हे माहीत असून. दुसरी बाजू पण खरी आहे. ती आली की तिच्या पिशवीला धुराचा वास यायचा आणि ती रात्री आम्हाला सगळं सांगायची, कुणाचं घर कसं हलवलं, बैल कसा नावेत चढवला, कोण म्हातारा उठायलाच तयार नव्हता. मी आज सरकारी नोकरीत आहे, जमिनीच्या फायली माझ्या टेबलावर येतात. फाइलमधे "बाधित कुटुंब" असं लिहिलेलं असतं तेव्हा मला तो बैल दिसतो.

तुमचा मुलगा जा म्हणतोय तर त्याला परत विचारू नका, जा म्हणायला त्याला दुसऱ्यांदा लावू नका. त्याऐवजी त्याला विचारा की त्या चार दिवसात तुला नेमकं काय हवंय. मला कुणी ते विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की रात्री नऊला एक फोन, बाकी काही नको.

धारणीचा_गुरुजी:
नमस्कार मॅडम. मी धारणी तालुक्यातच आश्रमशाळेवर शिक्षक आहे, घर परतवाड्याचं. तुमचं गाव कोणतं ते नाही इचारत. पण सांगतो, आमच्या शाळेतल्या पोरायची बी तेव्हाच दहावी असते न मॅडम. होळी अन् बोर्ड दरवर्षी एकाच टायमाले येते. पोट्टे पेपर देतात अन् जीव गावात असते. मागे एक पोरगा इतिहासाच्या पेपराच्या आदल्या दिवशी होस्टेलातून गावी गेला, होळी पाहून रातच्या रात चालत परत आला, सकाळी पेपरले बसला. त्याले रागवायचं का शाबासकी द्यायची, मले समजलं नाही. आपल्या पोराले घरी आई असावी असं तुमाले वाटते, ते बरोबरच हाय. पण इकडच्या पोरायले बी तसंच वाटते, त्यायची आई होळीपुरतीच गावात येते भट्टीवरून. ते कोणी लिहीत नाही. तुमच्या वहीत लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे फगवा, म्हणजे होळीनंतरचा सण, पाच दिवस चालते, तुमाले माहीतच असन. सोमवारी पेपर झाला की निघालात तरी पाचवा दिवस सापडते, अन् रावणाच्या पोराच्या, मेघनाथच्या जत्रा पुढेच असतात. पहिल्या रातचं काम कोणाकडून करून घेता येते का ते पाहा.

रानजाई:
गुरुजी, तुमची पोस्ट वाचून मी दहा मिनिटं तशीच बसले. बारा वर्षं मी होळीच्या रात्री गावात कोण आलं ते लिहितेय, आणि दहावीची मुलं होस्टेलवर असल्यामुळे जाळाजवळ नसतात हे माझ्या वहीत कुठेही नाही. मी त्यांना "शिक्षणासाठी बाहेर" असं एका खुणेने लिहीत आले, आणि आज स्वतःच्या मुलाच्या पेपरांचं वेळापत्रक फ्रीजवर लावलंय तेव्हा ती खूण मला कळली.

पहिल्या रात्रीचं कुणाकडून करून घ्यायचं, यावर मी आधी मनातल्या मनात नाहीच म्हणत होते. मोजणं कुणीही करेल, पण कोण कोणाशेजारी उभं राहिलं, कोण भांडण विसरून आलं, ते कोण बघणार. आणि लोक मला सांगतात ते दुसऱ्याच्या वहीत जावं का, त्यांना विचारलं पाहिजे. विचार करते.

मीरा_७७:
गावातलं कुणी नाही का, शिकलेलं? म्हणजे ज्यांना ते बघायला शिकवावंच लागणार नाही असं.

(दोन दिवसांनी)

रानजाई:
मीराताई, तुमच्या त्या एका ओळीने काम केलं, ते सांगायला आले.

आहे. गावातलीच एक मुलगी आहे, मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसरीत होती, आता बीएला आहे. माझ्या मुलाला नदीत पोहायला तिने शिकवलं. सिपना म्हणजे कोरकूत सागवान, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण सिपना नदीच्या काठावर उभं राहून मला ते तिने ऐकवलं, तेव्हा ती नऊ वर्षांची असेल. मी गेली दोन वर्षं तिला शब्द विचारायला फोन करते, कार्डं करून फ्रीजवर लावते, आणि तिला कधी विचारलं नाही की तू लिहिशील का. काल विचारलं. तिने लगेच हो म्हटलं नाही. आधी म्हणाली की गावाला विचारते. मग संध्याकाळी तिचा फोन आला की पंचांशी बोलले, आजीशी बोलले, लिहिते, पण माझ्या पद्धतीने लिहीन, घरांच्या ओळीने. कोरकू गावाची रचना दोन समोरासमोरच्या ओळींची असते, ती म्हणाली तुम्ही आडनावांनी लिहिता ताई, आम्ही ओळीने बघतो, कोणाच्या समोर कोणाचं दार.

यंदाची वही तिची राहील, तिच्या नावाने, आणि त्याचे पैसेही तिला मिळतील, ते मी लिहून दिलंय. आमच्या समितीकडेही तसा अर्ज केलाय.

मुलाला विचारलं, काय हवंय त्या चार दिवसांत. त्याने जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, इतिहासाच्या आदल्या दिवशी तू माझी प्रश्नोत्तरं घे, बाबा फार पुढे पुढे जातात. तर मी थांबतेय. सदाशिवकाका, तुमच्या सांगण्यावरून नाही हं, पण तुम्ही काळजीने लिहिलंत ते पोचलं.

सदाशिव_काका:
थांबलात ना, बास. मुलाला आशीर्वाद. आणि सौ. म्हणते त्या मुलीचं पण कौतुक कळवा.

(होळीनंतर)

रानजाई:
कुणी विचारलं म्हणून लिहिते. होळीच्या रात्री मी घरी होते, सोसायटीची होळी पेटली, सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली नेलं, नारळ टाकला. मुलगा दहाला झोपला. साडेअकरापासून तिचे व्हॉइस मेसेज यायला लागले, टेकडीवर जाऊन पाठवत होती, तिथेच रेंज येते. मागे ढोल आणि बासरी, बायकांची गाणी, आणि ती हळू आवाजात एकेक दार सांगतेय. गेली दोन वर्षं बंद असलेलं एक घर यंदा उघडलं, नवरा-बायको आणि दोन मुलं आलीत. एका घरातून एकच माणूस आला, बाकीचे भट्टीवर अडकलेत, मालकाने उचल फिटल्याशिवाय सोडलं नाही. चार घरांपुढे ती थांबली आणि म्हणाली, इथली मुलं दहावीला आहेत, त्यांच्या आया जाळाजवळ उभ्या होत्या पण नाचल्या नाहीत. हे मला तिथे उभं राहूनही दिसलं असतं का, मला नाही वाटत.

आजीचा निरोप आला, पोराचे पेपर कधी संपतात.

सोमवारी दुपारी भूगोल संपला. तो येत नाहीये, त्याला झोपायचंय आणि मग मित्रांबरोबर क्रिकेट, आणि ते त्याचं बरोबर आहे. त्याने आजीसाठी एक जाड सुतळी घेतली आणि तिला स्वतःच्या उंचीएवढी गाठ मारून दिली, म्हणाला तू हाताने दाखवतेस त्यावर ती विश्वास ठेवत नाही ना, ही दे. नवऱ्याने पहिली पाळी मागून घेतलीये म्हणजे दुपारपासून घरी असेल, सकाळची गोळी मुलगा देणार आहे, पाचचा अलार्म लावलाय.

मी आत्ता स्टेशनवर आहे, गाडी यायची आहे. गुरुजी, उद्या संध्याकाळपर्यंत मी धारणीत पोचते. तुमची दहावीची मुलं होस्टेलवरून गावी गेली का अजून तिथेच आहेत? असतील तर परवा सकाळी शाळेवर येऊ का, हेडमास्तरांची परवानगी काढायला कोणाला भेटायचं तेवढं कळवा.

धारणीचा_गुरुजी:
या मॅडम. दोन पोट्टे अजून इथंच हाय, एसटी चुकली त्यायची. तुमची वाट पाहाले सांगतो.